डावीकडे डाळिंब, उजवीकडे ऊस

"लाइट आरसरी, लाइट!"

आवाज उजवीकडून आला, आणि इतक्या जवळून की ओरडणाऱ्याला लागलेली धाप ऐकू आली. मित्राने इंजिन बंद केलं. बोट स्वतःच्याच लाटेवर एकदा उचलली गेली, खाली बसली, आणि मग आमच्या कडेपासून दोन हातांवर एक माणूस दिसला. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी टाकून बसलेला, कमरेपर्यंत भिजलेला, मांडीवर जाळं, गळ्यात सुतळीने बांधलेली बॅटरी. एक हात त्याने डोळ्यांवर धरला होता. पुन्हा तेच म्हणाला, पण आता हळू, लहान पोराची समजूत घातल्यासारखं. दिवा विझवा.

लावा नव्हे, विझवा. कारण आमच्या बोटीवर त्या रात्री दिवे कमी नव्हतेच. कडेने निळ्या एलईडीची पट्टी होती, मित्राच्या भाचीच्या लग्नातली उरलेली. पुढे दोन फोकस होते, ट्रॅक्टरला रात्रीच्या नांगरटीसाठी लावतात तसले, आणि ते मीच हौसेने बसवलेले. स्पीकरला गाण्याच्या तालावर रंग बदलणारं कडं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वरात पाण्यात उतरली. आणि एवढ्या लखलखाटात बसलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही समोरचा माणूस दिसला नव्हता. फोकसच्या झोतात पाण्यावरचं धुकं पांढरं होऊन भिंतीसारखं उभं राहिलं होतं. भिंतीपलीकडे काय आहे ते आम्हाला कळत नव्हतं, आणि भिंत आम्हीच बांधलेली.

मित्राने स्विच पाडला. सगळं काळं झालं. मार्गशीर्षाचा दुसरा की तिसरा दिवस, चंद्राची कोर केव्हाच बुडालेली. त्या काळोखात कोळ्याने बॅटरी एकदा पाण्यावर फिरवली आणि आम्हाला दाखवलं, जाळ्याला बांधलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, एक, दोन, तीन, चार, आमच्या पंख्याच्या अगदी तोंडाशी. मग काही न बोलता त्याने हातानेच पाणी मारत ट्यूब वळवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

हिडकल धरण म्हणजे बेळगाव जिल्ह्यातला, घटप्रभा नदीवरचा राजा लखमगौडा जलाशय. 51 टीएमसी, म्हणजे 51 अब्ज घनफूट पाणी. पावसाळा सरला की हुक्केरी तालुक्यातल्या कितीतरी शिवारांच्या बांधापर्यंत ते येऊन टेकतं. मित्राचं रान त्या काठाला आहे. त्याने तीन वर्षांपूर्वी गोव्याहून जुनी फायबरची बोट आणली, चौदा फुटी, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन, हाताच्या दांड्याने वळवायचं. कागदपत्रं त्याची, डिझेल-पेट्रोल वाटून, रविवार आमचे. आता, रात्री बोट चालवायची म्हणून कोणी निघत नाही. निघतात चार-साडेचारला. सूर्य डोंगराआड जातो तेव्हा बोट नेमकी तलावाच्या मध्यावर असते, पाण्याला तांबूस सोनेरी रंग चढलेला असतो, कुणीतरी म्हणतं, "थांब की रे थोडं, फोटो काढूलालोय." ते थोडं म्हणजे अर्धा तास. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि पावणेसातला काठ कुठला आणि पाणी कुठलं ते कळत नाही. रात्र अशी अंगावर येते, न बोलावता.

आता लाजिरवाणी गोष्ट सांगायची, तर माझा धंदाच दिव्यांचा आहे. संकेश्वरात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, बावीस वर्षं झाली. स्टार्टर, डायनॅमो, हॉर्न, आणि सगळ्यात जास्त दिवे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर रांगेने येतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्हीकडे हातभर आलेला ऊस. त्यांचं बोलणं मला पाठ आहे. "मालक, पुढचा फोकस जोरदार करा. मागचं राहू दे की." मी विचारायचो, मागचं का राहू दे? "मागचं कुणाला बघायचंय?" मागून येणाऱ्याला, बाबा. मोटारसायकलवरून बायको-पोराला घेऊन येणाऱ्याला. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की दुकानातला पोरगा आता माझ्या आधी म्हणतो. तुटलेली वायर जोडून देतो, पैसे घेत नाही, तरी आठ दिवसांनी तीच ट्रॉली तशीच आंधळी दिसते. उसाच्या मोळीला एक लाल चिंधी बांधलेली असते. रात्री लाल चिंधी!

त्या रात्री घरी येताना हुक्केरीच्या पुढे अशीच एक ट्रॉली समोर आली. ब्रेक मारला. मित्र शेजारी बसून सवयीने त्या ड्रायव्हरला बोलायला लागला आणि मध्येच गप्प झाला. मीही गप्प. बोटीच्या मागे दिवा होता का? नव्हता. निळी पट्टी होती. तिच्यावरून ट्यूबवरच्या माणसाला कळणार होतं का, आमचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं?

माझं आजोळ यडूर. कृष्णेच्या काठाला, वीरभद्राचं देऊळ आहे ते. सुट्टीत आम्ही पोरं नदीवरच असायचो. पलीकडची वैरण आणायला गुऱ्हाळातली गूळ करायची काहिलसुद्धा नदीत पडायची. तिच्यात बसलं की ती आधी स्वतःभोवती गिरकी घेते आणि मग मन होईल तिकडे जाते. पण माणसं नेणारी नाव वेगळी होती आणि तिचा नावाडी वेगळा, म्हातारा, आम्ही त्याला मामा म्हणायचो. सांज झाली की तो नावेवर कंदील ठेवायचा. पुढे नव्हे, मागे, स्वतःच्या पाठीशी. कंदिलाच्या काचेला त्याच्या बाजूने पोत्याचा तुकडा बांधलेला. आम्ही म्हणायचो, मामा, कंदील पुढं ठेवा की, पाणी दिसंल. तो म्हणायचा, "मला नदी ठावी हाय रे पोरांनो. काठावरच्यास्नी मी ठावा पायजे." पोत्याचा तुकडा कशाला, ते विचारायचं तेव्हा सुचलं नाही. ते कळायला पुढे एका भाकरीची गरज लागली.

आमचे साडू कारवारचे. तरुणपणी ट्रॉलरवर होते, पुढे तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, झाले, आता गुडघ्यांनी दगा दिल्यावर बंदराजवळ जाळ्यांचं सामान विकतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचं म्हणून दोघं नवरा-बायको आमच्याकडे उतरली होती. जेवताना मी हिडकलचा प्रकार सांगितला. हसण्यावारी न्यायचा म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या बोटीला दिवे नव्हते."

"अहो नव्हते काय! एवढे होते."

"तो उजेड. दिवे कुठले?"

आणि मग त्यांनी माझ्या ताटातली ज्वारीची भाकरी घेतली. गरम होती, बायकोने नुकती टाकलेली. आधी अधिक चिन्हासारखी दोनदा मोडली, चार चतकोर झाले. मग प्रत्येक चतकोर बरोबर अर्धा. आठ तुकडे ताटात पुन्हा भाकरीच्या आकाराला जुळवले. "हे पुढचं टोक," त्यांनी माझ्या विरुद्ध दिशेला बोट ठेवलं, "आम्ही नाळ म्हणतो. बोट तिकडे चाललीय, तुम्ही इथे मागे बसलाय. आता रंजका द्या."

रंजका म्हणजे संकेश्वरी मिरचीचा, पिकल्या लाल मिरच्या वाटून लिंबाच्या रसात मुरवलेला. आमच्याकडे त्याच्याशिवाय ताट पुरं होत नाही. टोकापासून डावीकडे त्यांनी अडीच तुकड्यांवर रंजका लावला. अडीच म्हणजे अडीच. तिसऱ्या तुकड्याच्या मध्यावर रेघ मारल्यासारखं चमच्याने थांबवलं. उजवीकडच्या अडीच तुकड्यांवर हिरव्या मिरचीचा खर्डा. मागे राहिले तीन. त्यांच्यावर दही.

"झालं. ही बोट."

मी आयटीआयचा माणूस, मनात हिशेब केला. आठवा हिस्सा म्हणजे पंचेचाळीस अंश. अडीच तुकडे म्हणजे साडेबाराधिक शंभर, 112.5 अंश लाल. तेवढेच हिरवे. मागचे तीन, 135 अंश पांढरे. बेरीज 360. नंतर मी पुस्तकात पाहिलं, आकडे तंतोतंत हेच आहेत. 1972 साली समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, 15 जुलै 1977 पासून लागू झाले, त्यात हीच भाकरी आहे. फक्त तिथे रंजका म्हणत नाहीत.

साडूंनी मग स्वतःच्या ताटाची दुसरी बोट केली आणि ती माझ्या ताटाभोवती फिरवायला लागले. "समोरून आली. काय दिसतं?" लाल आणि हिरवा, दोन्ही. "म्हणजे तोंडाला तोंड. दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. आता ही तुमच्या उजवीकडून आडवी आली. काय दिसतं?" मी वाकून बघितलं. त्यांच्या भाकरीची डावी बाजू माझ्याकडे. लाल. "लाल दिसला की वाट तुम्ही द्यायची. थांबा, नाहीतर तिच्या मागून जा. पुढून घुसायचं नाही. डावीकडून आली तर?" हिरवा. "मग वाट तिने द्यायची. पण ती देते की नाही यावर डोळा ठेवायचा, विश्वास ठेवायचा नाही. आणि नुसता पांढरा दिसला तर?" ती पुढे चाललीय, मी तिच्या पाठीमागे. "किंवा नांगर टाकून उभी आहे. किंवा वल्ह्याची होडी आहे. काहीही असो, सांभाळून जायचं तुम्ही."

"जेवणार आहात की बोटी चालवणार?" आतून बायकोचा आवाज आला.

मला मात्र एकदम यडूरची नाव दिसत होती. कंदिलाला पोत्याचा तुकडा. मामाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून एक बाजू बंद, आणि उरलेली मागच्या लोकांसाठी उघडी. मामाने ना नियम वाचलेले, ना कारवार बघितलेलं. अंश मोजले असते तर कदाचित तीन तुकडेच भरले असते.

माझी धाकटी दहा वर्षांची आहे, ती शेजारी बसून ऐकत होती. लाल कुठं आणि हिरवा कुठं हे मी दोनदा उलटं बोललो, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, डावीकडे डाळिंब, उजवीकडे ऊस. डा-डा, उ-उ." साडू म्हणाले, हे आम्हाला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. त्यांनी ते कारवारला नेलं.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात कामाला लागलो. आणि पहिल्या झटक्यात चुकलो, कारण मला वाटलं हे काय, दिवेच तर आहेत. फळीवर ट्रॉलीचा लाल टेल लॅम्प होता, ट्रकच्या टपाचा हिरवा होता. दोन्ही बोटीच्या पुढे ठोकले, बॅटरी जोडली, मित्राला काठावरून चालत गोल फिरायला सांगितलं. तो डावीकडे गेला तरी त्याला हिरवा दिसे, मागे गेला तरी लाल. ट्रॉलीच्या दिव्याचा उजेड सगळीकडे सांडतो. ट्रॉलीला तेच हवं असतं. बोटीच्या दिव्याला भिंत लागते, ठरल्या रेघेवर उजेड तुटला पाहिजे. खर्डा रंजक्यात मिसळून चालत नाही. शेवटी एकाच डबीत लाल-हिरवे दोन्ही असलेला, मधे पडदा असलेला तयार दिवा मागवला. बारा मीटरच्या आतल्या बोटीला बाजूचे रंग एक सागरी मैल, म्हणजे 1852 मीटर, आणि पांढरा दोन मैल दिसला पाहिजे असा दंडक आहे. दिव्याच्या खोक्यावर तो आकडा छापलेला असतो. तो बघून घ्यायचा. चायना बाजारात तसाच दिसणारा निम्म्या किमतीला मिळतो, त्याच्यावर काहीच छापलेलं नसतं.

हा दिवा बसवल्यावर दुसरी चूक केली, आणि ही मी अजून कुणाला सांगत नाही. समोरून फोटो काढला, साडूंना पाठवण्यासाठी. फोटोत लाल उजवीकडे! डाळिंब उजवीकडे गेलं म्हणून घाबरलो, डबी उघडली, काचा अदलाबदल केल्या, पुन्हा फोटो काढला. आता लाल डावीकडे. समाधानाने पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. "साडूभाऊ, तुमची बोट उलटी चाललीय." समोर उभं राहिलं की माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे बालवाडीतलं पोर सांगेल. बावीस वर्षं हेडलाइटसमोर उकिडवं बसून मी डावं-उजवं केलंय, तरी फोटोने फसवलं. बोटीत बसायचं, नाळेकडे तोंड करायचं आणि मग मोजायचं. दुसरीकडून मोजायचंच नाही.

पांढऱ्या दिव्याची गोष्ट जास्त किचकट. आमच्यासारख्या छोट्या मोटरबोटीला, बाजूच्या रंगांबरोबर, चारी बाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. सात मीटरच्या आतली आणि सात नॉटपेक्षा, म्हणजे ताशी तेरा किलोमीटरपेक्षा जास्त पळूच न शकणारी बोट असेल तर नुसता तो पांढराही भागवतो. आमची पळते. तर तो पांढरा दिवा काठीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर गेला पाहिजे, नाहीतर आपल्याच पाठीने तो झाकतो; आणि दांडा धरून मागे बसतो तो मित्र, सहा फुटी. काठी लावली, उंच केली. पण उजेड खाली बोटीत सांडायला लागला, पांढरे गुडघे, पांढरी बोटं, आणि पलीकडे काळी भिंत. पुन्हा तेच. मग घरातली चटणीची स्टीलची ताटली नेली, मधोमध भोक पाडलं, दिव्याच्या खाली काठीत ओवली. बोटीत अंधार झाला. बाहेर दिवा तसाच. बायको अजून ती ताटली शोधते.

अंधारात बसायला शिकावं लागतं. डोळ्यांना अंधार पुरता लागायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि एकदा मोबाइलचा पडदा उघडला की ती सगळी मिनिटं परत द्यावी लागतात. आमच्यातल्या एकाला व्हॉट्सॲप बघितल्याशिवाय दहा मिनिटं राहवत नाही; त्याला आता नाळेवर बसवतो, तोंड पुढे, फोन माझ्या खिशात. सुरुवातीला तो कुरकुरला. मग एका रात्री म्हणाला, "अरे, पाणी दिसतंय." दिसतंच. चांदण्यांचा उजेड काही कमी नसतो. काठाची झाडं पाण्यापेक्षा काळी असतात, वारा पडला की जाळ्याच्या बाटल्यासुद्धा टिपता येतात. फोकस आता आहे, पण काठाला लागताना क्षणभर लावायचा आणि विझवायचा.

हुन्नूरचं विठ्ठल मंदिर याच पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं, लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. पाणी भरलं की पुन्हा जातं. मधल्या दिवसांत ते धड बाहेरही नसतं आणि धड आतही. त्याच्यावर दिवा नाही. दिवसा आम्ही लांबूनच हात जोडतो, आणि संध्याकाळी त्या अंगाला जायचंच नाही असा आमचा ठराव आहे. विठ्ठलाला धडकलो तर ते फेडायला चार जन्म कमी पडायचे.

साडूंनी सांगितलेली आणखी एक युक्ती. लांब दिवा दिसला आणि तो बोटीचा की काठावरचा कळेना, तर स्वतः हलायचं नाही, तो दिवा बोटीच्या कडेवरच्या एखाद्या खुंटीशी जुळवायचा आणि बघत राहायचं. खुंटीपासून सरकला तर तो आपल्या पुढून नाहीतर मागून जाणार. सरकत नाही आणि मोठा होतोय, तर तो आपल्यावर येतोय. मी हे पहिल्यांदा करून बघितलं ते एका लाल दिव्यावर. सरकेना. मित्राला म्हणालो, लाल आहे, वाट आपण द्यायची. इंजिन मंद केलं, उजवीकडे वळलो, थांबलो. पाच मिनिटं थांबलो. मोठाही होईना. शेवटी लक्षात आलं, तो मोबाइल टॉवरचा माथ्यावरचा दिवा. टॉवरला वाट देणारे आम्हीच पहिले असू.

त्यात एक खोड मोडायला फार वेळ लागला. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो. समोरून गाडी आली की हात आपोआप डावीकडे जातो. हायवेवर तीस वर्षं तेच केलंय. पाण्यावर दोघांनी उजवीकडे वळायचं. आणि दांड्याचं इंजिन असेल तर बोट उजवीकडे न्यायला दांडा डावीकडे ढकलायचा. म्हणजे डोकं म्हणतं उजवीकडे, सवय म्हणते डावीकडे, आणि हाताने करायचं डावीकडेच, पण उलट्या कारणाने. मित्र वळताना अजून मोठ्याने म्हणतो, "ऊस, ऊस, ऊस."

इकडे कुठल्याही पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून दुकानं बंद होतात. त्या ट्यूबवरच्या माणसाला मराठी समजतं, पण घाबरला की तो कन्नडात ओरडतो. मी घाबरलो की मराठीत. अंधारात पंधरा हॉर्सपॉवरच्या आवाजावर दोन्ही सारखीच ऐकू येत नाहीत. लाल आणि हिरवा तेवढे दिसतात. त्यांच्यासाठी अजून कुणी मोर्चा काढलेला नाही, बहुतेक लक्षात आलं नसावं.

कुणी म्हणेल, हे समुद्राचे नियम हिडकलला कशाला? खरंय, तिथे जहाज येणार नाही. देशाच्या आतल्या पाण्यासाठी वेगळा कायदा आहे. 1917 चा जुना जाऊन 2021 ला नवा आला. त्यात मी खोल शिरत नाही. मला पटलं ते एवढंच, की नियमाप्रमाणे रात्र सूर्यास्तापासून सुरू होते, अंधार पडल्यापासून नव्हे. आकाश तांबडं असतानाच दिवा लावायचा. आपल्याला दिसत असतं तेव्हाच आपण दुसऱ्याला दिसेनासे होत असतो, ही वेळ फसवी. 2019 च्या महापुरात कृष्णाकाठच्या नातेवाइकांना आणायला गेलेल्या बोटी मी पाहिल्यात. गल्लीतून पाणी, वीज गेलेली, आणि लोक गच्चीवरून मोबाइलचे टॉर्च हलवत होते. त्यांना काही बघायचं नव्हतं, आपण इथं आहोत एवढंच सांगायचं होतं.

आणि त्या नियमांत शोधता शोधता मला तो ट्यूबवरचा माणूस सापडला. वल्ह्याच्या होडीला, लाल-हिरवे नसले तरी, हाताशी एक बॅटरी किंवा पेटता कंदील असावा, आणि टक्कर टळेल इतक्या वेळेत तो दाखवावा. बस, एवढंच. त्याच्या गळ्यात बॅटरी होती. त्याने ती दाखवलीही असणार, कदाचित दोनदा-तीनदा, आमच्या फोकसच्या तोंडावर, काजवा दाखवावा तशी. म्हणजे त्या रात्री त्या पाण्यावर नियमाने वागणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे बोटही नव्हती.

जानेवारीत एका रविवारी आम्ही पुन्हा उशिरा परतत होतो. उशीर कसला, आता मुद्दाम थांबतो. इंजिन मंद, गाणी बंद, पुढे डाळिंब आणि ऊस, मागे ताटलीवरचा पांढरा. समोर, जरा उजवीकडे, एक बारीक पांढरा उजेड वर आला, एकदा हलला आणि खाली गेला. बॅटरी. मित्राने आणखी वेग कमी केला आणि लांबून वळसा घेतला. बाटल्यांची रांग डावीकडून सरकत गेली, एकीलाही धक्का लागला नाही. तो आपल्या ट्यूबवर बसून जाळं सोडवत होता. हात थांबवले नाहीत. आमच्याकडे मान वळवून लाल-हिरव्या दिव्याकडे जरा वेळ बघितलं.

"एनरी," तो म्हणाला, "मदवी मुगीतेनु?"

काय हो, लग्न आटोपलं का?

"मुगीत री," मित्र म्हणाला.